बाबागाडीने पाहिलेली दोन शहरे

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. आता माझ्यात कुणी बसत नाही. एका जिन्याखाली मी उभी असते आणि माझ्या मांडीवर कधी बटाट्यांची पिशवी असते, कधी धुवायच्या चादरींचे गाठोडे. माझे छत उन्हाने विटले आहे, मुठीचे रबर फाटले आहे आणि मागचे उजवे चाक वळताना कुरकुरते. पण मला कुणी अडगळ म्हटले तर मी ऐकून घेणार नाही. ज्या शहराचे चित्र तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर नाहीतर चॉकलेटच्या डब्यावर असते, ते अख्खे शहर मी माझ्या चाकांनी पाहिले आहे.

त्या शहराविषयी तुम्ही मोठ्यांना विचारता, ते खरेच इतके छान आहे का? तिथे जावे का? जाऊन राहावे का? मोठी माणसे मग आपापसात भांडत बसतात. एक म्हणतो, आयुष्यात एकदा तरी बघावे. दुसरा म्हणतो, तिथे माणूस माणसाला ओळखत नाही. मी तिथे पाहुण्यांबरोबरही फिरले आणि राहणाऱ्यांबरोबरही राहिले. म्हणून म्हटले, आपणच सांगावे.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका कारखान्यात झाला. एकीकडून नळ्या यायच्या, दुसरीकडून कापड यायचे आणि शेवटी एक तपासनीस बाई उभी असायची. ती प्रत्येक गाडीत वाळूची पिशवी बसवायची, तिला पट्टा लावायची, ब्रेक दाबायची आणि गाडी उतारावर सोडून द्यायची. जी घसरली ती परत आत. मी जागची हलले नाही. "ही हट्टी दिसतेय," बाई म्हणाली. मला आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी.

तिथून मी गेले ती मोठ्या स्टेशनासमोरच्या एका दुकानात. शहर बघायला येणाऱ्या लोकांना तिथे बाबागाड्या भाड्याने मिळत. दुकानवाल्या काकू जाडजूड, बोलायला फटकळ आणि गुडघ्याने अधू होत्या. सकाळी त्या मला एखाद्या कुटुंबाच्या हवाली करायच्या आणि संध्याकाळी परत आले की माझ्या सांदीकोपऱ्यांतून बिस्किटांचा चुरा झाडून काढायच्या.

ते दिवस मोठ्या मानाचे होते. मनोऱ्यापुढचा चौक मी पाहिला, नदीवरचे पूल पाहिले, संग्रहालयाची गुळगुळीत फरशी पाहिली. मनोऱ्यापाशी सगळे माना वर करून उभे राहत, मला मात्र त्यांचे बूट दिसत. दमलेले बूट. ज्या बाळाला दाखवायला एवढी यातायात केली, ते बहुतेक वेळा माझ्या कुशीत गाढ झोपलेले असे. एका बाबांनी लेकीला हलवून जागे केले, "अगं बघ, बघ, हेच ते मनोऱ्याचं घड्याळ!" लेकीने डोळे चोळले आणि चौकातल्या कबुतराकडे टक लावून बघत राहिली. एक आजोबा तर सगळे शहर पालथे घालून आल्यावर म्हणाले होते, "पाहण्यासारखं खूप आहे हो, पण बसण्यासारखं कुठं काही नाही!"

जिथे जिथे पाहुणे जातात, तिथे पायऱ्यांशेजारी उतार असायचा, नाहीतर लिफ्ट असायची. त्यामुळे मला वाटायचे, हे शहर म्हणजे एक मोठे सपाट अंगण आहे. परत जाताना पाहुणे काकूंना म्हणत, "इथं राहणारे लोक किती नशीबवान!" काकू हसून मान डोलवत. दार लागले की गुडघा चोळत पुटपुटत, "नशीबवान बाईचं छत गळतंय, ते कोण बघायला येणार?"

हळूहळू माझा रंग उडाला. काकूंनी नव्या चकचकीत गाड्या आणल्या आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे बसून मी दाराशी येणाऱ्या प्रत्येक पावलाला कान द्यायची. कुणी माझ्याकडे बघायचे नाही.

मग एक दिवस ती आली. तरुण, सडपातळ, कडेवर बाळ. जुनी चालेल, पण विकत हवी, म्हणाली. तिने माझा एकेक पट्टा ओढून पाहिला, ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, बैठकीचा वास घेतला, बिजागरीत बोट घालून ते चिमटते का तेही बघितले.

"बाई," काकू म्हणाल्या, "गाडी घेताय की सोयरीक जुळवताय?"

"बाळ बसायचंय त्यात," ती हसली नाही. "माझ्या जिवाचा प्रश्न आहे."

बाळाला घरात ठकी म्हणत. म्हणून हिला मीही ठकीची आईच म्हणेन.

आणि मित्रांनो, त्या दिवशी मी त्याच शहरातल्या दुसऱ्या शहरात राहायला गेले.

इथे सपाट काही नव्हतेच. पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. ठकीचे घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी. गंमत म्हणजे ठकीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे काम करत, पण त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. "दिवसभर लोकांना वर पाठवतो आणि संध्याकाळी स्वतः चढतो," ते धापा टाकत म्हणत. मला त्यांनी जिन्याखाली जागा करून दिली.

ठकीची आई कॉलेज शिकलेली होती. औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचायची. घरातल्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने कापूस गुंडाळला होता, खिडकीची कडी दोरीने बांधली होती. बाहेर पडताना रस्त्यात कुणी खोकले की मला घेऊन पलीकडच्या फुटपाथवर जायची. तिच्या शहरात तीनच वाटा होत्या: दुकान, दवाखाना, बाग. त्यापलीकडे भुयारी रेल्वेच्या पायऱ्या होत्या, अनोळखी माणसे होती, गाडी आणि फलाट यांच्यातली फट होती. त्या फटीचा विचार तिने इतका केला होता की ती मनातच रुंद होत चालली होती. या शहरात येऊन वर्ष होत आले, तरी मनोरा तिने पाहिला होता तो फक्त बिस्किटांच्या डब्यावर.

ती एका लहान गावातून आली होती. एकदा दात येताना ठकी दुपारभर रडली आणि शेजारून कुणीतरी भिंतीवर दणादण बुक्के मारले. त्यानंतर ती ठकीला घेऊन खाली आली, जिन्याखाली माझ्यात बसवून मला मागेपुढे हलवत राहिली आणि माझ्याशीच बोलल्यासारखी बोलली, "तिकडे ही रडली असती तर तीन घरांतून माणसं आली असती गं. इथं भिंत वाजते."

एका रविवारी ठकीचे बाबा माझ्या चाकांना तेल घालत होते, तेव्हा ती जिन्यात येऊन उभी राहिली.

"मी ठकीला घेऊन आईकडे जाते."

"जा की. किती दिवस?"

"दिवस नाही. राहायलाच."

बाबांच्या हातातली तेलाची कुपी तशीच वाकडी राहिली. तेल चाकावरून फरशीवर ठिबकत होते.

"आणि मी?"

"तुझं काम इथं आहे. तू सुट्टीला येत जा. ताई न्यायला येतेय."

"ठकी मला ओळखेल ना?" बाबांनी विचारले. दोघे मिळून फरशीवरचे तेल पुसत बसले.

ताई आली ती जिना चढतानाच बडबडत. ही ठकीची थोरली मावशी. तिचे लग्न मोडून बरीच वर्षे झाली होती. ती गावातल्या शाळेत शिकवत होती आणि तिचा आवाज वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचायच्या बेताचा होता. "न्यायला आलेय, नेणारच," ती म्हणाली, "पण आधी शहर दाखव. गावात सगळे विचारतील, मनोरा पाहिलास का? काय सांगू? बहिणीच्या घरची वाळत घातलेली लंगोटी पाहिली?"

"ताई, मीच नाही पाहिला."

"मग चल. जायच्या आधी दोघी बघू. जावईबापू जातील कामाला."

मित्रांनो, त्या सकाळची तयारी एखाद्या मोहिमेसारखी होती. पाणी, कोमट दूध, औषध, जास्तीचे कपडे, टोपी, टोपीवर टोपी. शिवाय ताईचा फोन आणि पाकीट ठकीच्या आईने काढून घेतले आणि स्वतःच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात साखळी लावून ठेवले. "तिथं खिसे कापतात म्हणे."

"मला पण त्या गाडीत बसव आणि पट्टा लाव, म्हणजे मी पण सांडणार नाही," ताई म्हणाली.

कितीतरी दिवसांनी मी पुन्हा चौकात आले. तोच मनोरा, तीच कबुतरे. माझे ऊर भरून आले. ठकीची आई सुरुवातीला माझ्या चाकांकडेच बघत चालत होती. मग ताईने तिची हनुवटी धरून वर केली. ती पाहतच राहिली. घड्याळाचे टोले पडले तेव्हा ठकीने टाळ्या वाजवल्या आणि आई चक्क हसली.

दोघी पायरीवर टेकल्या. ताई आइस्क्रीम चाटत म्हणाली, "इथं आल्यापासून मला एकानंही विचारलं नाही बघ, नवरा काय करतो म्हणून."

"इथं कुणी काहीच विचारत नाही, ताई."

"तेच म्हणतेय मी. किती गार वाटतं."

"मला थंडी वाजते त्यानं."

ताईने तिच्याकडे नीट बघितले.

परतीच्या वाटेवर भुयारी रेल्वेचा जिना लागला. ताईने मागून मूठ धरली. पुढची दांडी एका घाईतल्या बाईने न विचारता उचलली, खाली ठेवली आणि आभार मानायच्या आत ती गर्दीत नाहीशी झाली. गाडी आली. दार उघडले. ताईने मला जोरात आत ढकलले. नेमका तेव्हाच ठकीने पाय झाडला आणि तिचा एक बूट फलाटावर पडला. आई तो उचलायला वाकली.

दार बंद झाले.

काचेपलीकडे ठकीच्या आईचा चेहरा दिसला, हातात तो बूट, आणि गाडी सुटली.

माझा ब्रेक दाबायचे भान ताईला राहिले नव्हते. मी मागे घरंगळले, तशी एका रंगाऱ्याने मला पायाने अडवले. त्याच्या विजारीवर सगळीकडे पांढरे शिंतोडे होते. "बाई, घाबरू नका," तो म्हणाला. "पुढच्या स्टेशनला उतरा आणि तिथंच थांबा. त्या मागच्या गाडीनं येतील. इथं सगळे असंच करतात."

"त्यांना फोन लावा ना," एक विद्यार्थिनी म्हणाली.

"माझा फोन तिच्याचकडे आहे," ताई म्हणाली. "आणि पाकीट. आणि तिचा नंबर मला पाठ नाही हो!"

आता मित्रांनो, रंगाऱ्याचे ऐकायला हवे होते. पण पुढच्या स्टेशनला उतरल्यावर ताई थांबली नाही. "तुमचं शहर तुम्हाला ठाऊक," ती त्याला म्हणाली, "पण माझी बहीण मला ठाऊक. लहानपणी जत्रेत हात सुटला तर जागच्या जागी बसून रडायची. ती एकटी गाडीत चढायचीच नाही. तिथंच बसली असेल." रंगाऱ्याने मान हलवली, तरी पुढची दांडी धरून आम्हाला पलीकडच्या फलाटावर पोचवले. आम्ही उलट दिशेच्या गाडीत बसलो. मधे कुठेतरी शेजारच्या रुळांवरून दुसरी गाडी धडधडत गेली, खिडक्यांच्या उजेडाची एक लांब पट्टी. त्या उजेडात ठकीची आई होती, हे आम्हाला कुठून कळणार?

पहिल्या स्टेशनवर उतरलो. ठकीची आई नव्हती.

ताईने या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारल्या. वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा तो आवाज इथे दोन खांबांपलीकडे जाईना. तिला घराचा पत्ता सांगता येत नव्हता. ती आपली बहिणीच्या मागे मागे आली होती. फोन नाही, पाकीट नाही, आणि पुढ्यात बहिणीचे लेकरू. ठकीने ओठ काढला आणि भोकाड पसरले. ताईही रडायला लागली. मी त्या दोघींच्या मधे उभी होते आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

तेवढ्यात फलाटावरची गणवेशातली बाई धावत आली. "निळी बाबागाडी, बाळाच्या एका पायात बूट. तुम्ही मोठी बहीण ना? बसा इथं. अजिबात हलायचं नाही!"

"माझी बहीण कुठाय?"

"पुढच्या स्टेशनवर गेल्या. आणि जाताना मला दम देऊन गेल्या." बाईने बोटांवर मोजत ठकीच्या आईचे शब्द सांगितले, "ताई तिथं थांबली असेल तर तिला घेऊन येते. पण ती थांबायची नाही. तिला वाटेल मी इथं रडत बसलेय, म्हणून ती उलटी येईल. आली तर तिला खुर्ची द्या, हलू देऊ नका. बाळाचं दूध गाडीच्या खालच्या कप्प्यात आहे, ते पाजा. आणि पुढच्या स्टेशनवर निरोप द्या, म्हणजे मला तिथं कळेल." मग तिने स्वतःचे जोडले, "तुम्ही सापडल्याचा निरोप मी दिलाय."

ताई आ वासून बघत राहिली. "हे सगळं माझी बहीण बोलली?"

"एका दमात. आणि माझ्याकडून परत वदवून घेतलं."

पुढच्या गाडीतून ठकीची आई उतरली. ती धावली नाही. फरशी ओली होती. भराभर चालत आली, आधी माझा ब्रेक दाबला, पट्टा तपासला, ठकीच्या पायात बूट घातला, मग तिला उचलून छातीशी धरले.

"तू रडली नाहीस?" ताईने विचारले.

"वेळ कुठं होता?" ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिचा बांध फुटला. मग त्या दोघी आणि ठकी अशा तिघींनी मिळून ते रडणे पुरे केले.

संध्याकाळी जिन्याखाली माझी घडी घालताना ठकीच्या बाबांना हे सगळे कळले. त्यांचा चेहरा उतरला. "आता तर तू जाशीलच."

ती थोडा वेळ माझ्या मुठीवरून हात फिरवत राहिली. "दार बंद झालं ना, तेव्हा मला एक नवल वाटलं," ती म्हणाली. "हे मी आधी पाहिलेलं होतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, रोज मनात पाहिलंय. दार लागतं, ठकी आत, मी बाहेर. म्हणून काय करायचं ते मला पाठ होतं. तुम्ही सगळे म्हणता, किती काळजी करतेस! आज तीच उपयोगी पडली."

"तिकडे असं घडलंच नसतं," बाबा हळूच म्हणाले. त्यांनाही खरे बोलल्यावाचून राहवले नाही.

"नसतं. आणि घडलं असतं तर सगळं गाव धावलं असतं, मी ओट्यावर बसून राहिले असते. आज मी धावले." तिने माझा लोंबणारा पट्टा आत खोचला. "परवा ताईची गाडी आहे. तू सुट्टी घे. तिला सोडायला आपण तिघं जाऊ. येताना मी पुढं चालेन, मला आता रस्ता कळतो."

बाबांनी माझी घडी घालायच्या नादात मला उलटेच दुमडले. बिजागरी कळवळली, पण त्या दिवशी मी काही मनाला लावून घेतले नाही.

म्हणजे सगळे छान झाले असे समजू नका, मित्रांनो. लिफ्ट आजही नाही. भिंत पुन्हा वाजली. पण त्या वेळी ठकीची आई ठकीला कडेवर घेऊन शेजारच्या दारात गेली. "हिला दात येतायत. तुम्हाला त्रास होतोय, तो मलाही होतोय," एवढेच म्हणाली. दार उघडणारी बाई पाव भाजायच्या भट्टीवर रात्रपाळी करणारी होती, दुपारी झोपायची. बिचारीचे डोळे तांबारले होते. तेव्हापासून दुपारचे रडणे माझ्या वाट्याला आले: ठकीला घेऊन आम्ही बाहेर पडायचो, कधी बागेत, कधी थेट नदीच्या पुलापर्यंत. गावाकडची आठवण आली की ठकीची आई अजूनही खिडकीशी गप्प उभी राहते. कधी ताईला फोन करून म्हणते, ये ना गं राहायला. ताई येते. गार वारा खाऊन जाते.

ठकी आता चालते, धावते, माझ्यात बसायला सांगितले तर नाक उडवते. परवा बाजारातून येताना मी बटाटे वाहत होते आणि ती माझी मूठ धरून ढकलत होती. एका पाहुण्या बाईने तिला विचारले, "बाळ, मनोऱ्याकडे कसं जायचं?"

"मला काय माहीत!" ठकी ठसक्यात म्हणाली. "मी इथं राहते!"

त्या बाईंच्या कडेवर तान्हे मूल होते. ठकीच्या आईने पिशवी खाली ठेवली आणि रस्ता सांगायला सुरुवात केली. कोणत्या दाराने आत शिरायचे, कुठल्या पायऱ्या ओल्या असतात, फट कुठे मोठी आहे, गाडीत आधी कुणी चढायचे, चुकामूक झाली तर कुणी थांबायचे आणि कुणी यायचे. बाई आधी हसल्या, मग गंभीर होऊन ऐकू लागल्या आणि शेवटी म्हणाल्या, "इथं आल्यापासून इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं."

तर मित्रांनो, ते शहर बघायला जरूर जा, पण नुसत्या माना वर करू नका. बरोबरच्या दमलेल्या पायांकडेही बघा. तिथे राहायचे का, ते मी कोण सांगणार? मनोऱ्यावरून काही ते ठरत नाही. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू घरात असेल तर तिच्या चाकाला वर्षातून एकदा तरी तेलाचा थेंब द्या; कुरकुर ऐकू येते, तोवर ती अजून चालायला तयार आहे असे समजा. आणि तुमच्या इमारतीत, तुमच्या वर्गात कुणी नवे आले, तर काय काय पाहिलेस, एवढेच विचारून सोडून देऊ नका. घरी परत जायचा रस्ता सापडतो ना, हेही विचारा. नसेल सापडत तर चार पावले बरोबर चाला.